डेक कुठून मोजायचा

जागा

मी एकदा ठरवलं की ठरवलं. बायको म्हणते, हा माझा एकुलता एक गुण आहे आणि तोच सगळ्या घराला भोवतो. असो. तर मी ठरवलं होतं की घराच्या मागच्या दाराला लागून लाकडी डेक बांधायचा, आणि त्याची परवानगी स्वतः जाऊन आणायची. मध्यस्थ नको, ओळख नको, कुणाच्या मेहुण्याचा मित्र नको.

"परवानगीत असतं काय एवढं?" मी जेवताना म्हणालो. "माणसानं नीट बोलावं, नीट नकाशा दाखवावा. खिडकीच्या पलीकडे शेवटी माणूसच बसलेला असतो."

"तीच तर अडचण आहे," बायको म्हणाली.

डेक म्हणजे काही राजवाडा नव्हे. दाराच्या उंबरठ्याच्या पातळीत फळ्यांचा एक चौथरा. वर छप्पर नाही, बाजूला भिंती नाहीत. दार उघडलं की पाय न उतरवता सरळ बाहेर. हे 'पाय न उतरवता' फार महत्त्वाचं होतं, कारण डेक माझ्यासाठी नव्हताच. तो सासऱ्यांसाठी होता.

सासरे आमच्याकडे राहतात. न्हाणीघरात घसरले, खुबा मोडला, आत सळई बसली. सळई बसली आणि सासरेही बसले ते बसलेच. वॉकर घेऊन पलंगापासून मागच्या खिडकीपर्यंत यायचे, खिडकीपासून पलंगापर्यंत जायचे. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. "रोज बाहेर काढा, उन्हात चालवा. असेच खोलीत राहिले तर पुढे चाकाच्या खुर्चीशिवाय इलाज नाही."

आता बाहेर काढायचं कुठून? पुढच्या दाराच्या पायऱ्या थेट रस्त्यावर उतरतात, आणि उतरतात म्हणजे उडीच मारतात. मागच्या दाराच्या पायऱ्या दगडी, अरुंद, कमरेइतक्या उंचीवरून खाली अंगणात. त्यापुढे अंगणच उताराचं. बायको म्हणाली, मग सरळ उतार बांध. पण उताराच्या अंगणात उतार बांधला असता, तर सासरे दारातून निघून थेट शेजाऱ्यांच्या कुंपणातच थांबले असते. एकदा मी त्यांना उचलून न्यायचा प्रयत्न केला. त्यानंतर दोन दिवस उन्हात मला बसवावं लागलं.

शिवाय त्यांना उचललेलं आवडायचं नाही. ते जन्मभर एका मोठ्या गोदामात माल उतरवून घेण्याच्या कामावर होते. "मी आयुष्यभर माल उतरवला, जावईबापू," ते म्हणाले. "आता स्वतः माल व्हायचं नाही मला."

म्हणून डेक.

दर्शनी भाग

परवानगीच्या कार्यालयात खिडकीच्या पलीकडे एक बाई होत्या. चष्मा साखळीला, साखळी गळ्यात, नजर माझ्या नकाशावर. नकाशा मी स्वतः काढला होता. त्यात दार होतं, डेक होता आणि डेकवर खुर्चीत बसलेले सासरे होते. सासऱ्यांना मी थोडं हसतं काढलं होतं.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"सासरे."

"त्यांच्याखाली."

"डेक."

"म्हणजे गच्ची?"

"नाही. गच्चीखाली घर असतं. याच्याखाली काही नाही."

"बाल्कनी?"

"बाल्कनी वर असते. हा खाली आहे."

"ओटा?"

"ओटा भरीव असतो. हा पोकळ आहे."

"छत?"

"नाही."

"भिंती?"

"नाहीत."

बाईंनी चष्मा काढला. "ज्याला छत नाही, भिंती नाहीत, त्याला आमच्याकडे मोकळी जागा म्हणतात. मोकळ्या जागेला परवानगी लागत नाही."

मी मनात बायकोला उद्देशून एक वाक्य तयार केलं. "मग बांधू?"

"बांधलंत तर ती मोकळी कशी राहील?"

हे मला इतकं पटलं की मी मान हलवली. मान हलवल्यावर लक्षात आलं, मी कशाला होकार देतोय तेच मला कळलेलं नाही.

"उंची किती?"

"उंबरठ्याइतकी."

"जमिनीपासून विचारतेय."

"दाराजवळ कमरेइतकी. पण अंगण उताराचं आहे. डेकच्या टोकाशी ती माझ्या हनुवटीला लागते."

"सगळ्यात जास्त जिथे भरते तिथे मोजायची," बाई म्हणाल्या. "दोन फुटांच्या आत असेल तर काही लागत नाही, जा आणि बांधा. दोन फुटांच्या वर असेल तर इंजिनियरची सही, खांबांचा नकाशा, कठड्याचा नकाशा आणि पायाखालच्या मातीची तपासणी. मग आमचा माणूस येऊन बघेल."

"कधी?"

"मग."

'मग' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की त्यात दोन-तीन ऋतू सहज मावले असते. सासऱ्यांच्या पायांकडे इतके ऋतू नव्हते.

मी नकाशाची गुंडाळी करून वळलो तर मागे तक्रारकाका. हे आमचे शेजारी. त्या कार्यालयात त्यांचं येणंजाणं एवढं की तिथला शिपाई त्यांना पाणी आणून देतो. कुणाच्या झाडाची फांदी, कुणाच्या गाडीचं तोंड, कुणाच्या कुत्र्याचा आवाज, असं काही ना काही घेऊन ते येतच असतात. मला अख्खी हकीकत पुन्हा सांगावी लागली नाही, कारण त्यांनी ती मागे उभं राहून मन लावून ऐकली होती.

"तू फार सरळ आहेस," ते म्हणाले. "डेक खाली आणता येत नाही ना?"

"नाही. उंबरठ्याच्या पातळीतच हवा."

"मग जमीन वर आण."

मी नकाशाची गुंडाळी पुन्हा उलगडायला लागलो.

"दोन ट्रक माती टाक. अंगण सपाट होईल, वरही येईल. मग कुठेही मोज, दीड फूट. परवानगीच नको!"

त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटला, तो मी आता परत घेतो.

छेद

मातीवाल्याला मी फोनवर स्वच्छ सांगितलं. कुंपणाकडे टाका. खोलगट बाजू ती आहे. तिथून पसरत या, दाराजवळ नुसता हात फिरवा. तो 'हो साहेब, हो साहेब' म्हणाला. 'हो' एकदाच म्हणणारा माणूस ऐकत असतो, दोनदा म्हणणारा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

ट्रक आले तेव्हा मी कचेरीत, बायको तिच्या कामावर. घरी फक्त सासरे, मागच्या खिडकीत. त्यांचा फोन आला.

"जावईबापू, तुमच्या गाड्या लागल्यात."

"त्यांना म्हणावं कुंपणाकडे उतरवा."

मग ते अशा आवाजात बोलले, जो मी त्यांच्या पडण्यानंतर ऐकलाच नव्हता. "कुंपणाकडे कोण माल उतरवतं? माल दाराला लागतो."

"बाबा, तसं नाही, ती माती—"

"अरे ए, गाडी अजून मागे घे! मागे घे, मागे घे, बस!" हे मला नव्हतं. फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला असावा, कारण त्यानंतर मला बराच वेळ फक्त फावड्यांचे आवाज आणि सासरे ऐकू आले.

संध्याकाळी घरी आलो. मागचं दार उघडलं. पायऱ्या नव्हत्या.

म्हणजे होत्या, पण मातीखाली. उंबरठ्याला लागून, उंबरठ्याच्या बरोब्बर पातळीत, एका खोलीएवढा मातीचा सपाट चौथरा उभा होता. चारी कडा चोपून, वर चोपून, पाणी फिरवून, पुन्हा चोपून. ट्रकबरोबर आलेल्या दोन हमालांना सासऱ्यांनी दिवसभर खिडकीतून राबवलं होतं, आणि जाताना ते दोघं म्हणे त्यांना नमस्कार करून गेले. गोदामात मालधक्का असतो ना, ट्रकचा फळका आणि गोदामाचं दार एका पातळीत आणणारा? अगदी तसा. चौथरा संपतो तिथे मात्र एकदम कडा, आणि कड्याखाली आमचं जुनं अंगण, पूर्वीपेक्षा जास्तच खोल दिसणारं.

"कसं आहे?" सासऱ्यांनी विचारलं. त्या रात्री ते दोनदा वाढून घेऊन जेवले.

बायकोनं दारातून बाहेर बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा बाहेर. "हा डेक आहे का?"

"नाही. ही जमीन आहे. डेक हिच्यावर येणार."

"हिच्यावर? म्हणजे उंबरठ्याच्याही वर?"

मी तिला समजावलं की ही माती मी रविवारी फावड्यानं ओढून कुंपणाकडे नेणार, मग जमीन योग्य जागी येईल, मग डेक. तिनं एकच विचारलं. "फावडं कुणाला येतं?" मग तिनं दाराला कडी घातली आणि सासऱ्यांना बजावलं, "बाबा, माती ताजी आहे. पाय रुतेल. मी सांगेपर्यंत पाऊल टाकायचं नाही."

"बरं," सासरे म्हणाले. आणि कडीच्या आत खुर्ची घेऊन बसले.

बाजूने दिसणारे दृश्य

रविवारी सकाळी फावडं घेऊन मी चौथऱ्यावर चढलो. तिथे उभं राहिल्यावर कळलं की कुंपण आता माझ्या पोटाशी आलंय, आणि कुंपणापलीकडे तक्रारकाकांच्या न्हाणीघराची खिडकी आहे, आणि खिडकीत तक्रारकाका आहेत. दात घासत होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ब्रश तोंडात तसाच. मी शिष्टाचार म्हणून फावडं हलवलं.

ते पंचा गुंडाळून कुंपणाशी आले.

"हे काय उभं केलंस?"

"जमीन वर आणली, काका. सल्ला तुमचाच होता."

"मी जमीन वर आणायला सांगितली होती. तुला वर आणायला नव्हतं सांगितलं."

"दोन दिवस थांबा, मी ही पसरतोय."

"थांबतो," ते म्हणाले, आणि थांबले नाहीत. सोमवारी तक्रार गेली, तोवर माझ्या फावड्यानं त्या चोपलेल्या मातीचं ढेकूळही हललं नव्हतं. आमचा डेक बघायला यायचा माणूस 'मग' येणार होता. तक्रारकाकांच्या तक्रारीला तो बुधवारीच आला.

छेद, सुधारित

छेद नाही. खड्डा.

तपशील

तपासनीस तरुण होता, पण बूट म्हातारे, जपलेले, चकचकीत. त्यानं मोजपट्टी काढली आणि नम्रपणे म्हणाला, "या चौथऱ्याखालची मूळ जमीन दाखवा."

"खाली आहे," मी म्हणालो.

"किती खाली?"

"ते तुम्ही मोजायला आलात ना?"

"मी मूळ जमिनीपासून मोजतो. मूळ जमीन तुम्ही दाखवायची."

"ती मातीखाली आहे."

"आणि ही कोण?" त्यानं बुटाच्या टोकानं चौथऱ्याला विचारल्यासारखं केलं.

"ही पण मातीच."

"म्हणजे माती मातीखाली आहे."

मला चक्कर येऊ लागली. तेवढ्यात माझा सुतार आला. त्याला मी डेकच्या खांबांसाठी त्याच दिवशी बोलावून ठेवलं होतं, कारण तक्रार होण्यापूर्वी मी फार आशावादी होतो. हा सुतार कामसू. इतका कामसू की त्याला थांब म्हणायला कुणीतरी शेजारी उभं राहावं लागतं. त्यानं आमचं अर्धंच बोलणं ऐकलं. "खाली बघायचंय होय? दोन मिनिटं," असं म्हणून त्यानं पहार उचलली आणि चौथऱ्याच्या पलीकडच्या टोकाला खणायला लागला.

कुंपणावर तक्रारकाकांचं डोकं उगवलं. "मी साक्षीला आहे," ते म्हणाले.

"नवी माती संपली आणि जुनी लागली की सांग," तपासनीस सुताराला म्हणाला.

"दिसायला दोन्ही सारख्याच आहेत."

"मग रंग बघ."

"रंग पण सारखा."

"मग खणत राहा. जुनी घट्ट लागेल."

पण माझ्या सासऱ्यांनी जी माती चोपून घेतली होती, ती जुनीपेक्षा घट्ट होती. त्यामुळे सुतार नवीतून जुनीत कधी गेला हे त्याला कळलंच नाही, आम्हालाही नाही. तो कमरेपर्यंत आत गेला. मग नाकापर्यंत. शेवटी पहार 'ठण्' करून कशावर तरी आपटली.

"घट्ट लागली," सुतार आनंदानं म्हणाला, आणि त्यानं आणखी एक घाव घातला.

घराला पाणी देणारा पाइप मूळ जमिनीच्या जरा खालून जात होता. 'होता' म्हणायचं कारण कळलं असेल.

पाणी सुताराच्या डोक्याहून उंच गेलं. सुतार खड्ड्यातून असा बाहेर आला की वाटावं, कुणी त्याला खालून फेकलाय. चौथऱ्याचं ते टोक आधी मऊ झालं, मग चिखल झालं, मग कुंपणाखालून तक्रारकाकांच्या गुलाबांना भेटायला निघालं. तपासनीस मागे सरला. त्याचा उजवा बूट मागे सरला नाही. मी बूट ओढला, बूट आला, तपासनीस बसला. तक्रारकाका कुंपणावरून ओरडत होते की हे सगळं ते लिहून देणार आहेत. सुतार भोकावर स्वतः बसून बघत होता, पाणी थांबतं का ते. थांबत नव्हतं, नुसती दिशा बदलत होतं, आणि ती दिशा प्रत्येक वेळी माझीच होती.

"वॉल्व बंद करा!" कुणीतरी ओरडलं.

"कुठे आहे?" मी ओरडलो. मी कुंपणाकडे धावलो.

"तिकडे नाही! भिंतीकडे, भिंतीकडे! न्हाणीघराच्या बाहेरच्या कोपऱ्यात! ए सुतार, तू ऊठ तिथून, तू काय बूच आहेस? साहेब, तुम्ही चिखलात हातपाय मारू नका, उताणे पडा आणि सरका. जावईबापू, डावीकडे फिरवा. डावीकडे म्हणजे तुमच्या डावीकडे नाही, वॉल्वच्या!"

मी वॉल्वच्या डावीकडे फिरवला. पाणी ठेंगणं झालं, बुडबुडलं, गेलं. सगळ्यांच्या अंगावरून थेंब पडत होते, तेवढाच आवाज.

बायको दारात उभी होती. ओरडा ऐकून ती पुढच्या खोलीतून टॉवेल घेऊन धावत आली होती. पण टॉवेल तिनं कुणालाच दिला नाही. ती चौथऱ्याच्या कोरड्या भागाकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली.

"काय गं?"

"तुम्ही बाहेर आहात."

सासऱ्यांनी खाली बघितलं. वॉकरचे चारी पाय मातीवर, स्वतःचे दोन्ही पाय मातीवर. कडी काढलेली, उंबरठा मागे राहिलेला, चांगला पाच-सहा पावलं मागे. डोक्यावर सकाळचं ऊन. त्यांनी परत दाराकडे बघितलं, जणू दारच कुठेतरी निघून गेलं होतं.

"मग?" ते म्हणाले. "आत उभं राहून ओरडलं तर या लोकांना ऐकू जातंय थोडंच?"

बायकोनं टॉवेल तोंडाला लावला. हसतेय की काय ते मला कळलं नाही. मी जवळ जायला निघालो, पण चिखलात माझी चप्पल अडकली, म्हणून लांबूनच उभा राहिलो.

"पाय रुतला नाही, बघ," सासरे तिला म्हणाले. "चोपून घेतली होती मी."

टीपा

तपासनिसानं अनवाणी उभं राहून काम पुरं केलं. यातून त्याचा स्वभाव कळावा.

"अनधिकृत बांधकाम काढून टाका असं मी लिहिणार होतो," तो म्हणाला. "पण बांधकाम कुठे आहे?"

"अजून केलं नाही."

"मग मी काय तपासलं?"

मी सुताराकडे बघितलं. सुतारानं तक्रारकाकांकडे बघितलं. तक्रारकाका गुलाबांकडे बघत होते.

"मूळ जमीन मिळाली का पण?" मी विचारलं.

"पाइप मिळाला," सुतार म्हणाला. "पाइप मूळचाच असणार."

तपासनिसानं शेवटी जे समोर होतं ते मोजलं. उंबरठ्याला मोजपट्टी लावली आणि मातीपर्यंत सोडली. पट्टी उघडायलाच तयार नव्हती, कारण अंतरच नव्हतं. "उंची शून्य," तो म्हणाला. "माती कुंपणापासून चार हात मागे घ्या, यांचे गुलाब पुन्हा लावून द्या. आणि डेकचं म्हणाल तर, दोन फुटांच्या आत आहे. परवानगी लागत नाही. खुशाल बांधा."

जिंकलो! इतके दिवस मला हेच ऐकायचं होतं. मी उत्साहानं सुताराकडे वळलो आणि तिथेच थांबलो, कारण फळी टाकायची म्हटलं तर ती मातीच्या वर येणार, म्हणजे उंबरठ्याच्याही वर येणार, आणि सासऱ्यांचा वॉकर तिला अडकणार. फळी खाली घालायची म्हटलं तर माती काढावी लागणार, माती काढली की उंची वाढणार, उंची वाढली की बाई, चष्मा, इंजिनियर आणि 'मग'. मी हे सगळं दोन-तीनदा मनात उलटसुलट करून पाहिलं. अजून अधूनमधून करतो. मला डेक बांधायची पूर्ण मुभा आहे आणि डेक बांधता येत नाही, एवढंच दर वेळी हाती लागतं.

सासऱ्यांना यातलं काही पडलेलं नाही. सकाळी उठले की ते धक्क्यावर. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत, आता वॉकर सोडून नुसती काठी. डॉक्टरीणबाई खूश आहेत. तक्रारकाका कुंपणापलीकडून येतात आणि दोघं मिळून गल्लीतल्या सगळ्यांविषयी तक्रारी ठरवतात. माझ्याविषयीच्या तिथेच, माझ्यादेखत.

फक्त एक झालं. माती भिंतीला टेकली तर घरात ओल येईल, असं सुतार म्हणाला, म्हणून भिंत आणि माती यांच्यात वीतभर फट ठेवून विटा लावल्या. दारासमोरच्या त्या फटीत कुणाचा पाय जाऊ नये म्हणून फटीच्या दोन्ही काठांना खाच पाडून त्यानं उंबरठ्याच्या पातळीत एक फळी बसवून दिली. डेकसाठी आणलेल्या फळ्यांपैकी तेवढीच वापरली गेली. उत्तम सागवान, घासून, तेल देऊन.

आता कुणी पाहुणे आले आणि मागच्या दाराकडे निघाले, की सासरे खुर्चीतून काठी वर करतात आणि अगदी काळजीनं सांगतात, "जपून या हं. मध्ये आमच्या जावयांचा डेक आहे."